सकाळची ओळ, संध्याकाळची ओळ

माणदेशच्या माळावरच्या दूरसंवाद केंद्रात त्या गुरुवारी एक संकेतस्थळ मिटवायचं होतं. मिटवायचं म्हणजे पुसायचं नाही, त्याचं स्मृतिपान करायचं. स्मृतिपान वाचता येतं, पण त्यावर पुन्हा कोणाला काही लिहिता येत नाही.

पान 'अनाहत' या अंतराळनौकेचं होतं. नऊ वर्षांपूर्वी ऋजुता ढवळे त्या नौकेतून एकटीच सूर्यमालेच्या कडेकडे निघाली होती. जाऊन-येऊन चाळीस वर्षांची मोहीम. इतक्या लांबून आवाज किंवा चित्र पाठवण्याइतकी ऊर्जा नौकेपाशी नव्हती. दिवसाला एखाद-दोन ओळी जायच्या, तेवढ्याच यायच्या, आणि सोबत यंत्राचा ठोका. सहा वर्षांपूर्वी तिकडच्या ओळी थांबल्या. ठोका तेवढा चालू राहिला.

"तो ठोका यंत्राचा आहे, प्रमिलाताई," केंद्राच्या संचालक डॉ. वैजयंती कर्णिक हळू आवाजात म्हणाल्या. "आत माणूस नसला तरी तो पडत राहतो. अँटेनासाठी दुसऱ्या दोन मोहिमा थांबल्या आहेत. मी किती दिवस पुढे ढकलू?"

"तुम्ही सहा वर्षं ढकललंत, ते का कमी आहे?" ऋजुताची आई म्हणाली. "पण पान मिटलं की माझी ओळही जाणार नाही. ती असेल तर तिला काय वाटेल, एवढंच मनात येतं."

हे पान प्रमिलाबाईंनी स्वतः बांधलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर नगरवाचनालयाच्या वर्गात त्या 'ओसरी' शिकल्या. ओसरी ही मुक्तस्रोत आशय-प्रणाली. मजकूर तुम्ही लिहायचा. तो मांडायचा, जपायचा, लोकांपुढे ठेवायचा ही कामं तिची. तिची घडण सगळ्यांना उघडी. कोणीही यावं, वापरावी, कुठे चुकलं असेल तर नीट करावी. गावच्या दत्तमंदिराचं संकेतस्थळ त्यांनी तिच्यातच केलं होतं. पुढे केंद्राने नौकेसाठीही ओसरीच निवडली, कारण ती नौकेच्या इवल्या संगणकात मावत होती. एक प्रत इथे, एक तिथे. एकीत बदल झाला की दुसरीला कळायचा.

रोज सकाळी सहाला, स्नान आणि दिवा झाला की प्रमिलाबाई एक ओळ लिहीत. ती लिहिल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, असा नऊ वर्षांचा नेम. ऋजुता संध्याकाळी सहाला लिहायची. रांगोळीसारखं पान होतं ते; कालची ओळ निघायची, आजची उमटायची. तीन वर्षं दोघींचं असं चाललं. मग एका बाजूने थांबलं.

केंद्राची संकेतस्थळं सांभाळणारा इरफान मुजावर मिटवण्याआधी पानाची पूर्ण नक्कल काढत होता. शाळेत तो प्रमिलाबाईंचाच विद्यार्थी.

"बाई, तुम्ही मधली काही वर्षं दिवसातून दोनदा लिहायचात का?"

"नाही रे. नेम एकदाचाच."

"मग या आवृत्त्या जास्त कशा?"

"कसल्या आवृत्त्या?"

"ओसरी काही टाकत नाही. पानावर दिसते ती वरची आवृत्ती. खाली गेलेल्या सगळ्या कोठीत पडून असतात. ती कोठी फक्त व्यवस्थापकाला उघडते, आणि खरं सांगतो, आमच्यापैकी कोणी कधी उघडली नाही. पान दिसतंय तर कोठीत कोण जातं?" तो बोलता बोलता थांबला. "या जास्तीच्या सातशे ओळी नौकेवरून आल्या आहेत."

डॉ. कर्णिक उठून त्याच्यामागे उभ्या राहिल्या. "सहा वर्षांपूर्वीपासूनच्या?"

"हो. ओळी थांबल्या त्याच दिवसापासूनच्या. त्या दिवशी नौका किती लांब होती, मॅडम?"

त्यांनी नोंदी पाहिल्या. "प्रकाशाला बारा तास लागत होते. नेमके बारा."

इरफानने कपाळाला हात लावला. "बाई, पान बांधताना ओसरीने तुम्हाला विचारलं असेल, दोघांनी लिहिलं तर कोणाचं ठेवू?"

"विचारलं होतं. मी म्हटलं, जे नंतर लिहिलंय ते ठेव. ताजं तेच खरं, नाही का?"

"नंतर लिहिलंय ते. नंतर पोचलंय ते नव्हे." तो टेबलावर बोटाने रेघा काढू लागला. "ती संध्याकाळी सहाला लिहिते. नौका जवळ होती तेव्हा ते रात्रीतच इथे यायचं, आणि सकाळी तुम्ही लिहीपर्यंत पानावर राहायचं. अंतर बारा तासांवर गेलं, आणि तिची ओळ पोचायच्या आत तुमची लिहून व्हायला लागली. ओसरी तारीख-वेळ बघते. तुमची सकाळची, तिची आदल्या संध्याकाळची. तिची शिळी ठरली, गेली कोठीत. रोज."

"म्हणजे माझ्या नेमाने..." प्रमिलाबाई म्हणाल्या.

"फक्त तुमच्या नाही," डॉ. कर्णिक सावकाश म्हणाल्या. "तिकडेही हाच नियम आहे. तुमची सकाळची ओळ पोचायच्या आत तिची संध्याकाळची लिहून होत असणार. तिलाही तुम्ही त्याच दिवशी थांबलात असं वाटलं असेल. आणि नौकेच्या संगणकात कोठी ठेवायला जागाच नाही. तिथे फक्त वरची ओळ राहते."

बाहेर माळावरचं गवत एकाच बाजूला झुकून होतं. इरफानने पडदा प्रमिलाबाईंकडे वळवला, तशी त्यांनी आधी पदराने चष्मा पुसला.

'आई, आज तुझी ओळ नाही. बरी आहेस ना?'

'आज नववा दिवस. गावी गेली असशील.'

'आई, शंभर दिवस झाले. तू लिहायची थांबणारी नाहीस. म्हणजे काय झालं असेल ते मला कळतं, पण मी ते लिहिणार नाही.'

'तुझ्या नावाने आज जेवले नाही. तिथी माहीत नाही, म्हणून आजची धरली.'

"मुलीने माझं श्राद्ध केलं," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुःख कमी आणि नवल जास्त होतं. "आणि मी इथे रोज तिला उन्हाचं, फुलांचं सांगत होते."

त्यांनी स्वतःच यादी खाली सरकवली. सातशे ओळी संपत आल्या. शेवटच्या दोन ओळी चार वर्षांपूर्वीच्या होत्या.

'तीन दिवस ताप होता, लिहिलं नाही. डोळे उघडले तर पडद्यावर तू! "आज गोकर्णाला तीन फुलं आली." खूप वेळ नुसती बघत बसले.'

'आता समजलं. मी लिहिलं की तू झाकली जातेस, तू लिहिलंस की मी. तुझा नेम मोड असं सांगितलं तरी तुला दिसणार नाही. म्हणून मौन मीच धरते. रोज तुला वाचेन. ही ओळ तुझ्यासाठी नाही, माझ्या संकल्पासाठी.'

पुढे काही नव्हतं.

डॉ. कर्णिक म्हणाल्या, "हे चार वर्षांपूर्वीचं आहे. आज ती आहे, असं यावरून म्हणता येत नाही. मला समितीला काहीतरी दाखवावं लागेल."

"तिला विचारू," इरफान म्हणाला. "आपली प्रत मी आत्ता दुरुस्त करतो, यापुढे दोघींचं वेगवेगळं दिसेल. नौकेची प्रत एवढ्या लांबून बदलता येत नाही, पण ती लिहीत नाही तोवर बाईंची ओळ तिला दिसतेच. आता प्रकाशाला छत्तीस तास लागतात. जायला दीड दिवस, यायला दीड."

"सोमवारी सकाळपर्यंत," डॉ. कर्णिक म्हणाल्या. "त्यापुढे माझ्या हातात नाही."

संध्याकाळी सहाला प्रमिलाबाई कळफलकासमोर बसल्या. खूप लिहावंसं वाटत होतं. त्यांनी एवढंच लिहिलं: 'ऋजू, कोठी उघडली. सगळं वाचलं. आता तुझं इथे दिसतं. मौन सोड.'

शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी त्यांनी नेमाची ओळ लिहिली. रविवारीही. दुपारी त्या केंद्रात येऊन बसल्या. इरफानने चहा आणला, तो त्यांनी निवू दिला. डॉ. कर्णिक सुटी असून आल्या होत्या आणि काम नसताना कागद चाळत होत्या.

संध्याकाळी सहाच्या सुमारास पानावर अक्षरं उमटली.

'आई, लिहिलं. तुझ्या शुक्रवारच्या आणि शनिवारच्या ओळी वाटेतच शिळ्या झाल्या, त्या आता मला कधीच दिसणार नाहीत. माझ्या एका ओळीपायी तुझ्या दोन सकाळी जातात, पुढे तीन जातील. तरी लिहू?'

इरफान तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागला. डॉ. कर्णिकांनी समितीसाठी त्या ओळीची नक्कल काढायला घेतली.

"तिला सांग," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि मग, कोणी सांगायचं ते आठवून, कळफलक स्वतःच पुढे ओढला.

'लिही. जेवढ्या सकाळी जातील, तेवढ्या मी पुन्हा लिहून देईन.'