सतरा खोक्यांचं गौडबंगाल

“गोंद, मागे सर! हात लावलास तर बाई तुझे कान उपटून त्या माशांच्या रांगेत टांगतील!” ठिणगी दबक्या आवाजात ओरडली.

“पण मला देवमासा बघायचाय!” असं म्हणत गोंद आणखी एक पाऊल पुढे सरकला.

गोंद म्हणजे ठिणगीचा नऊ वर्षांचा धाकटा भाऊ. एकदा चिकटला की सुटायचं नाव नाही. ठिणगी बारा वर्षांची आणि तिची जीभ तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. तिसरा बांबू, म्हणजे त्यांचा आतेभाऊ. चौदा वर्षांत तो फक्त वरच्या दिशेने वाढला होता. सुट्टी लागली की या तिघांची रवानगी आत्याबरोबर तिच्या कामावर व्हायची. घरी ठेवली तर घर जागेवर राहणार नाही, याबद्दल दोन्ही आयांचं एकमत होतं.

आत्या म्हणजे बांबूची आई. भावी शिक्षक जिथे शिकतात, त्या विद्यालयाच्या ग्रंथालयात ती अठरा वर्षं झाडत होती, पुसत होती, पुस्तकं काढत-ठेवत होती. दर सुट्टीत तिथे मुलांच्या नव्या पुस्तकांचं प्रदर्शन मांडलं जायचं. यंदाचा विषय समुद्र. भिंतीवर निळा कागद, पुठ्ठ्याचे मासे आणि फळीवर रंगीत वेष्टनं घालून उभी केलेली चाळीस कोरी करकरीत पुस्तकं! आणि मधोमध, लाल शाईत, ठसठशीत पाटी : ‘हात लावू नये’.

मुलांसाठी पुस्तकं मांडायची आणि मुलांनाच हाकलायचं! पण ग्रंथपालबाईंचा कायदाच तसा होता. पुस्तकावर बोटाचा ठसा दिसला की त्यांना रात्रभर झोप यायची नाही. आणि आज तर चार वाजता शिक्षणाधिकारी प्रदर्शन बघायला येणार होते.

“नुसतं एक पान,” गोंद म्हणाला, आणि ठिणगीने कॉलर पकडायच्या आत त्याने देवमाशाचं पुस्तक उचलून उघडलंसुद्धा.

आत देवमासा नव्हता! पिवळी पडलेली पानं होती, कुबट वास होता, आणि वर लिहिलं होतं, ‘पाण्याच्या टाक्यांच्या दुरुस्तीचा वार्षिक अहवाल’.

“ताई, देवमासा टाकीत गेला!” गोंद किंचाळला.

बांबूने शेजारचं पुस्तक उघडलं. बाहेर खेकडा, आत बाकड्यांची यादी. ठिणगीने तिसरं उघडलं. बाहेर पाणबुडी, आत कुणाच्या तरी भाषणांची जीर्ण बाडं. वेष्टनं तेवढी नवी, पोटात सगळी रद्दी!

गलका ऐकून वाचनकक्षातल्या वीसेक भावी शिक्षिका धावत आल्या. त्यांच्या मागून प्राचार्य आले. त्यांच्याही मागून ग्रंथपालबाई. बाईंनी उघडी पुस्तकं पाहिली आणि त्यांचं तोंड चुन्यासारखं पांढरं झालं. कुणाशी एक शब्द न बोलता त्या तरातरा मागच्या बोळात, रद्दीच्या खोलीकडे गेल्या. कुलूप उघडल्याचा आवाज आला. मिनिटभराने परत आल्या तेव्हा तोंड तसंच पांढरं होतं, पण आवाज मात्र परत आला होता.

“चोरी!” त्या म्हणाल्या. “सर, नवी पुस्तकं पळवली आणि कुणाला कळू नये म्हणून वेष्टनांत रद्दी घातली! फळ्या रोज कोण पुसतं? ही!”

सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या. आत्या फडकं हातात घेऊन उभी होती.

“मी?” ती म्हणाली. “बाई, मी तर या फळीला हातही लावला नाही. तुम्हीच म्हणालात, प्रदर्शन मी स्वतः मांडणार म्हणून.”

“उलट बोलतेस? आण ती पिशवी इकडे!”

बाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली. जेवणाचा डबा, गुडघ्याच्या गोळ्या, दोरीने बांधलेला चष्मा आणि एक दोनशे पानी वही. बाईंनी वही उघडली आणि त्यांना हसू फुटलं. आत्या पन्नाशीला टेकली होती, शाळेत दीड वर्ष गेली होती, आणि आता चोरून लिहायला शिकत होती. पानभर एकच ओळ होती. वेडीवाकडी, तोल गेलेली.

“ऐका ऐका!” बाई हात नाचवत वाचायला लागल्या. “मी पुस्तक वाचते. मी पुस्तक वाचते. मी पुस्तक वाचते... अगं, वाचतेस कुठली? विकतेस!”

भावी शिक्षिका खो खो हसल्या. उद्या ज्या पोरांना अ आ ई शिकवणार, त्याच या! आणि काय झालं कुणास ठाऊक, त्या सगळ्यांच्या हसण्यात ठिणगीलाही फिस्सकन हसू आलं. तिने लगेच तोंडावर हात दाबला. पण हसू काय, निघालं ते निघालं.

आत्याने मान वर केली नाही. एकेक वस्तू उचलून तिने पिशवीत भरली.

“चार वाजेपर्यंत पुस्तकं आली नाहीत,” प्राचार्य म्हणाले, “तर पोलिसांना फोन लावीन. आणि कामावरून कमी. कायमचं!”

आत्याला बाहेर व्हरांड्यात स्टुलावर बसवलं. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

जिन्याखाली तिघं जमली. बांबूचे डोळे लाल झाले होते.

“तू हसलीस,” तो म्हणाला.

“मी? नाही रे, मी...”

“हसलीस! माझ्या आईला हसलीस. पोळ्या तिच्या हातच्या खातेस, वेण्या तिच्याकडून घालून घेतेस, आणि वर हसतेस! तुझ्यापेक्षा ती बाई परवडली, ती निदान परकी आहे!”

 

“मारामारी नंतर करा,” गोंद म्हणाला. “मला एक सांगा. घरात चोरी झाली तर आई आधी कुठे बघेल?”

“कपाटात.”

“मग बाई आधी रद्दीच्या खोलीत का धावल्या?”

बांबू आणि ठिणगी एकमेकांकडे बघायला लागली. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं!

“आणि दुसरं,” ठिणगी हळूच म्हणाली. “आत्याची पिशवी रोज गेटवर तपासतात. डबासुद्धा उघडून बघतात. मग चाळीस जाडजूड पुस्तकं बाहेर गेली कशी? फाटकातून काहीही न्यायचं तर पास लागतो. कुणाच्या तरी सहीचा!”

“चला फाटकावर!” बांबू म्हणाला. ठिणगीकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

फाटकावरचा पहारेकरी म्हणजे पीळदार मिशांचा आणि तेवढ्याच पीळदार स्वभावाचा माणूस. त्याच्या नोंदवहीला हात लावू द्यायला तो काही खुळा नव्हता.

“पळा! वही काय खेळणं आहे?” तो खेकसला.

“राहू दे रे बांबू,” ठिणगी मोठ्याने म्हणाली. “त्यात काही नसणारच. बाई म्हणालेल्या ना, फाटकावर नुसता झोपा काढायचा धंदा चालतो, म्हणून तर चोऱ्या होतात!”

बाई असं काहीही म्हणाल्या नव्हत्या. पण पहारेकऱ्याच्या मिशा ताठ झाल्या.

“मी झोपा काढतो? मी? ये, बघ! बारा वर्षांत एक सुतळी माझ्या नोंदीशिवाय बाहेर गेली असेल तर मिशी उतरवीन! सोमवारी काही नाही. मंगळवार, मोडकी खुर्ची. बुधवार, काही नाही. गुरुवार, रद्दी, सतरा खोकी. आणि ही बघ खाली ग्रंथपालबाईंची सही!”

“सतरा?” बांबू ओरडला. “चौदा! बुधवारी मी आणि आईनेच ती रद्दीच्या खोलीत लावली. माझी कंबर मोडली होती! चौदाच होती, जास्त एक नाही!”

“मग तीन आली कुठून?” गोंदने विचारलं.

“आत्या आणि तू गेल्यावर कुणीतरी ठेवली,” ठिणगी म्हणाली. “आणि त्या खोलीची किल्ली असते फक्त बाईंच्या कमरेला! पहारेकरीकाका, ही वही चार वाजता वर घेऊन याल? सगळ्यांना दाखवा, तुम्ही झोपा काढता का ते!”

“येतोच! चार कशाला, पावणेचारला येतो!”

रद्दीचं गोदाम दोन रस्ते ओलांडून होतं. पत्र्याची लांबलचक शेड, आत छतापर्यंत कागदाचे ढीग, आणि मध्ये एक कापायचं यंत्र. त्याचं पातं दारासारखं रुंद. खटॅक! वर जायचं, खटॅक! खाली यायचं. यंत्राशेजारी बसलेला रद्दीवाला चहा पीत होता.

“गुरुवारची खोकी?” तो म्हणाला. “चौदा कापून झाली. पंधरावं चालू आहे. माल माझा, पास माझ्याकडे. निघा, नाहीतर या छोट्याला घालतो पात्याखाली. पातळ आहे, एका फटक्यात होईल.”

गोंद ठिणगीच्या मागे चिकटला. पण ठिणगीचे डोळे यंत्रापाशी खिळले होते. पात्याखालून निळ्या पाण्याच्या चिंध्या बाहेर पडत होत्या. एक शेपूट. एक डोळा. कोरा कागद, ताजी शाई. देवमाशाचं पुस्तक मधोमध दोन झालेलं तिच्या पायाशी येऊन पडलं.

“थांबवा!” ती किंचाळली.

“का म्हणून?”

बांबूने ढेंगभर पुढे येऊन आपली सगळी उंची वापरली. “थांबवू नका. कापा, खुशाल कापा. चार वाजता पोलीस येणार आहेत. चाळीस चोरीची पुस्तकं कुणाच्या गोदामात निघतात ते बघायला. आम्ही सांगू, मालकांनी आमच्या डोळ्यांदेखत तुकडे केले!”

रद्दीवाल्याने चहाचा कप खाली ठेवला. यंत्र बंद केलं.

“चोरीची? अरे, मला त्या बाईने पास दिला! फोनवर बोलता बोलता बोट दाखवलं, म्हणाली, खोलीतलं सगळं उचला, माझं डोकं खाऊ नका!”

दोन खोकी अजून बंद होती. बांबूने वरची धूळ पुसली आणि तो मटकन खालीच बसला. झाकणावर लाल शाईत लिहिलं होतं : ‘नवी बालपुस्तकं. पाहुणे येऊन गेल्यावर काढणे.’

“म्हणजे बाईंनीच!” ठिणगी म्हणाली. “पोरांचे हात लागू नयेत म्हणून खरी पुस्तकं लपवली आणि वेष्टनांत रद्दी भरून उभी केली. आणि मग स्वतःच सही करून खरी पुस्तकं रद्दीत घालवली!”

“काका, तुमचा टेंपो आहे?” गोंदने विचारलं.

“आहे, पण फेरीवर गेलाय. साडेतीनला परत आला की मीच येतो. पोलिसांची लफडी मला नकोत!”

चार वाजायला पाच मिनिटं असताना टेंपो विद्यालयात शिरला. वर शिक्षणाधिकारी प्रदर्शनापुढे उभे होते, प्राचार्य फोन हातात घेऊन, आणि बाई साडीच्या निऱ्या सारख्या करत. आत्या दाराशी. सकाळी तिला हसलेल्या सगळ्या भिंतीला टेकून तमाशा बघायला जमल्या होत्या.

खोकी धाडकन टेबलावर आदळली.

“हे माझं अक्षर नाही!” झाकण बघताच बाई म्हणाल्या. अजून कुणी काही विचारलंही नव्हतं!

गोंदने ‘हात लावू नये’ची पाटी उपटून झाकणाशेजारी ठेवली. तीच शाई, तेच वळण, तोच काना वर वाकडा. पहारेकऱ्याने नोंदवही उघडून सहीवर बोट ठेवलं. रद्दीवाल्याने सांगितलं, बोट कुणी दाखवलं ते. गोंदने सांगितलं, सकाळी बाई आधी कुठे धावल्या आणि मग आळ कुणावर घेतला ते. शिक्षणाधिकाऱ्यांनी फळीवरचं पाणबुडीचं पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि मिटून बाईंच्या हातात दिलं.

“आणि चोरीचा आळ हिच्यावर,” ते म्हणाले. “तुम्हाला तर सकाळीच कळलं होतं, पुस्तकं कुठे गेली ते.”

बाईंनी ते पुस्तक पदराखाली झाकलं.  चाळीसपैकी अकरा पुस्तकांच्या चिंध्या झाल्या होत्या.

“शाबास, मुलांनो!” प्राचार्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “केवढी हुशार पोरं! मला आतून वाटतच होतं, की आमची मावशी असं करणार नाही.”

“वाटत होतं,” आत्या म्हणाली, “तर फोन कशाला हातात धरला होता?”

प्राचार्यांनी फोन खिशात घातला.

“जाऊ द्या आता, मावशी. तुमची नोकरी पक्की. बाईंची चौकशी होईल. झालं ना तुमचं समाधान?”

“नाही झालं,” आत्या म्हणाली. ती शांतपणे आत आली आणि वाचनकक्षाच्या मधल्या खुर्चीत बसली. अठरा वर्षांत त्या खुर्चीवर ती पहिल्यांदा बसत होती. “सकाळी जे जे हसले, त्यांनी रांग लावायची. एकेकाने यायचं, चुकलं म्हणायचं. मोठ्याने.”

“अहो, पण...” प्राचार्य म्हणाले.

“तुम्ही हसला नाहीत, पण गप्प बसलात. तुम्ही पहिले या.”

शिक्षणाधिकाऱ्यांनी मान डोलावली. मग काय! पहिले प्राचार्य आले. मग बाई.

“चुकलं,” बाई पुटपुटल्या.

“ऐकू नाही आलं.”

“चुकलं.”

“वही वाचताना आवाज खणखणीत होता की!”

“चुकलं!” बाई ओरडल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आत्याला दया आली का? छे! “पुढे सरका,” ती म्हणाली.

मग भावी शिक्षिका. एक, दोन, पाच, बारा. कुणी रडत, कुणी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत. बांबू आईच्या खुर्चीमागे दंडुक्यासारखा ताठ उभा होता आणि प्रत्येकीकडे टक लावून बघत होता. शिक्षणाधिकारी गोंदच्या खांद्यावर हात ठेवून विचारत होते, “आणि तुमची ती बहीण कुठे गेली? तिचं कौतुक करायचं राहिलंच!”

रांग संपत आली. विसावी गेली. एकविसावी पुढे आली, ती बुटकी होती, आणि तिच्या हातात अर्धा देवमासा होता.

“तू कशाला उभी राहिलीस?” शिक्षणाधिकारी हसून म्हणाले. “अगं, तू तर वाचवलंस सगळ्यांना!”

ठिणगीने त्यांच्याकडे बघितलंच नाही.

“मीपण हसले होते, आत्या.”

 आत्याने तिच्याकडे पाहिलं. 

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “वीस जणींच्या हसण्यात तुझं एक वेगळं ऐकू आलं मला.”

 आता आत्या जवळ घेईल, असं तिथल्या प्रत्येकाला वाटलं.

“बोल मग,” आत्या म्हणाली.

“चुकलं.”

“मोठ्याने.”