पुटांखालची साक्ष

पुटमापकाच्या पडद्यावर विश्वंभरबुवांची आठवण आडव्या कापलेल्या कांद्यासारखी दिसत होती. कड्यांवर कड्या, आणि मधे गाभा म्हणून काही नाहीच.

"तीच आठवण आहे ना ही नक्की?" मृण्मयी साठ्येने विचारलं.

"तीच. घुमट फुटला त्या दिवसाची," डॉ. तौफिक मुल्ला म्हणाला. "बुवा, मान सरळ ठेवा जरा. कीर्तन नाही हे. डोलायचं नाही."

डोक्यावरच्या जड टोपाखालून बुवा हसले. "अरे, ही मान माझं ऐकते होय? जन्मभर डोलतेय ती."

मंगळावरच्या तांबडमाळ वसाहतीतली ही प्रयोगशाळा. वसाहतीचा पहिला घुमट फुटला तेव्हा मृण्मयी सहा वर्षांची होती. त्यानंतर काही वर्षांनी आलेल्या सौरवादळात सगळ्या संगणकांची स्मृती पुसली गेली. फुटलेला घुमट आतल्या माणसांसह समाधी म्हणून कायमचा बंद करून टाकलेला. तो उकरायचा नाही असा ठरावच होता.

मृण्मयी तांबडमाळची एकुलती एक इतिहासकार. तिच्याजवळ साधनांची वाण नव्हती. पृथ्वीवरच्या वर्तमानपत्रांची कात्रणं होती, चौकशी समितीचा अहवाल होता, शाळेचं पाठ्यपुस्तक होतं. पण एकेकाचा माग काढत गेलं की सगळे झरे एकाच उगमाशी पोचायचे: विश्वंभरबुवा. समितीला त्यांनीच सांगितलं, समितीवरून वर्तमानपत्रांनी घेतलं, त्यांच्यावरून पुस्तकानं. सगळी दुय्यम साधनं. त्या दिवशी हवाबंद दारापलीकडच्या बोगद्यात बुवांखेरीज आणखी तीन मोठी माणसं होती. ती तिघंही आता नव्हती.

दरवर्षी स्मृतिदिनाला सभागृहात नारदाची गादी अंथरली जाई. बुवा पूर्वरंगात त्यागाचं निरूपण करत आणि उत्तररंगात सुमेधा साठ्येचं आख्यान लावत. त्या आख्यानाची गोडी काय सांगावी! पेटी हलकेच सूर धरून असायची, चिपळ्या गप्प व्हायच्या आणि बुवांचा आवाज खाली यायचा. सुमेधा दाराशी उभी आहे. तिचं लेकरू बोगद्यात निजलेलं आहे. घुमटातली हवा चाललीय, दार लावलं नाही तर अख्खी वसाहत जाईल. ती लेकराकडे पाठ करते, आतल्या लोकांकडे तोंड करते, हरिनाम घेते आणि आतून दार लावते. सभागृहात हुंदका नाही असा माणूस उरायचा नाही.

त्या निजलेल्या लेकराला, म्हणजे मृण्मयीला, मात्र भोजनगृहात कुणी थट्टेनं हाक मारत नसे. "माउलीची लेक" म्हणून लोक तिला वाट करून देत, आणि वाट करून दिली की माणूस एकटाच चालतो. मृण्मयीला त्या आख्यानातली एकच गोष्ट वर्षानुवर्षं टोचत होती. आईनं पाठ केली. दार लावण्याआधी एकदा तरी वळून बघितलं असेल का तिनं? हे तिला हवं होतं. बाकी इतिहास वसाहतीसाठी.

"सांग आता सगळं नीट," ती तौफिकला म्हणाली. "बुवांनाही कळू दे."

तौफिकनं खुर्ची ओढली. "आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. ती काढली की ओल्या गिलाव्यासारखी मऊ पडते. पुन्हा सुकताना, त्या घडीला मनात जे असेल ते तिच्यात मिसळतं. झालं एक पुट. पुन्हा आठवली की दुसरं. आणि नवं पुट बसतं ते आधीचं थोडं खरवडूनच. हे यंत्र पुटं दाखवतं, बस्स."

"म्हणजे ज्यानं ती पुन्हा पुन्हा सांगितली..."

"त्याच्यापाशी मुळातलं काही उरत नाही."

बुवांनी टोप काढून मांडीवर ठेवला. "मी तिथं होतो, तौफिक. या पायांनी उभा होतो."

"होताच की, बुवा. पण आज तुम्हाला जे आठवतं, ते तुमचं कीर्तन आहे."

"नारदाच्या गादीवरून मी कधी खोटं बोललो नाही."

"खोटं कोण म्हणतंय? यंत्रालाही खोटं सापडलेलं नाही. सापडलंय ते एवढंच, की तुमची साक्षसुद्धा आता दुय्यम आहे."

 चिपळ्या उचलून, भिंतीचा आधार घेत बुवा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मृण्मयीला वाटलं, आपण म्हाताऱ्या माणसाचं घर उसवलं आणि हाती काहीच लागलं नाही.

"मापकाचं शून्य तपासून घेतो," तौफिक म्हणाला. "घटनेच्या वेळी हजर, पण काहीच न आठवणारा माणूस लागतो त्याला."

"मी आहे की. मी निजलेली होते."

तिनं सहज टोप चढवला. तौफिकनं कळ दाबली आणि तो पडद्याकडे बघतच राहिला. कांदा नव्हता. कडी नव्हती. मधोमध एक घट्ट, काळाभोर ठिपका होता.

"मृण्मयी," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती, "झोपलेल्या मेंदूत असा ठिपका पडत नाही. तू जागी होतीस."

"काहीतरीच काय! मला काहीही आठवत नाही."

"आठवत नाही म्हणूनच तर तो आहे. तू त्या बाजूला कधी वळलीच नाहीस. एकही पुट नाही यावर. अख्ख्या मंगळावर त्या दिवसाचं प्राथमिक साधन एवढंच उरलंय, आणि ते तुझ्या डोक्यात आहे."

ती खुर्चीत मागे टेकली. मग म्हणाली, "उघडता येईल?"

"एकदाच. यंत्र तुला तिथवर नेईल, बोलायचं तू. जे पहिल्यांदा बोलशील तेच साधन. त्यानंतर तीही चारचौघांसारखी आठवण, पुटं चढणारी. आणि आत कुणी नको. समोर चेहरा असला की माणूस त्या चेहऱ्यासाठी बोलतो."

"एकटीनं बसायची सवय आहे मला."

"विचार कर गं. नाही उघडलीस तर ती जन्मभर तशीच राहील. आख्यानातली आई तरी तुझ्यापाशी आहे. आत कोण निघेल, सांगता येत नाही."

आत खरोखरच पाठ निघाली तर? मग सबब उरणार नव्हती. इतकी वर्षं ती दुसऱ्याच्या तोंडची पाठ होती. उद्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असेल. टोपाचा पट्टा तिनं स्वतःच आवळला.

ध्वनिबंद खोलीचं दार लागलं. ध्वनिमुद्रकावर जे उतरलं ते असं:

"थंडी वाजतेय. कानात दडा बसलाय. मी उभी आहे. आई जमिनीवर आहे, दाराच्या आत. घुमटाची फासळी पडलीय तिच्या कमरेवर. वारा आत ओढतोय, माझा फ्रॉक ओढतोय. आई ओरडतेय, 'मृणू, तो लाल दांडा धर. धर!' मी म्हणते, तू ये. ती म्हणते, 'येते, आधी दांडा धर. दोन्ही हातांनी. खाली ओढ.' मी ओढते. हलत नाही. ती म्हणते, 'अजून. अजून बाळा.' मी ओढते. दार सरकतं. दार... दार लागतं. आवाज थांबला. दाराला खाली काच आहे. काचेत आई आहे. माझ्याकडे बघतेय. माझ्याकडेच बघतेय. तिचे ओठ हलतात. ऐकू येत नाही. शाबास. ती शाबास म्हणतेय."

यानंतर ध्वनिमुद्रकावर बराच वेळ नुसता श्वास आहे. मग:

"मागून कुणीतरी धावत येतं. बुवा. माझी बोटं दांड्यावरून सोडवतात, एकेक. मला खांद्यावर घेतात, तोंड स्वतःच्या मानेत दाबतात. म्हणतात, 'तू निजली होतीस, बरं का बाळा. काही झालं नाही. आईनं दार लावलं. तू निजली होतीस.' चालताना तेच म्हणतात. तेच म्हणतात."

तौफिकनं खोली उघडली तेव्हा तिचा चेहरा ओला होता, पण शांत होता. तो काही विचारणार होता. तिनं हातानंच थांबवलं.

दुय्यम साधनाचा जन्म प्राथमिक साधनात नोंदलेला सापडावा, हे भाग्य इतिहासकाराला सहसा लाभत नाही. बुवांनी ती गोष्ट गादीवरून रचलेली नव्हतीच. बोगद्यात चालता चालता एका पोरीसाठी रचली, आणि त्या गोष्टीचा पोरीला विसर पडू नये म्हणून सांगतच राहिले. सांगता सांगता स्वतःचं पाहिलेलं पुसून बसले. आता जे घडलं ते जाणणारं जगात कुणीच नव्हतं. ती एकटी.

ती बाहेर आली. बुवा बाकावर होते. मान डोलत नव्हती.

सांगायचं की नाही, याचा निर्णय चार पावलं टाकेपर्यंत तिच्याकडून झाला नव्हता. मग ती त्यांच्याशेजारी बसली आणि तिनं सांगितलं. फासळी, वारा, लाल दांडा, काच. बुवा ऐकत होते ते एखादं नवं आख्यान ऐकावं तसे, मधे हुंकार देत. शेवटी ती म्हणाली, "आणि मग तुम्ही आलात. म्हणालात, तू निजली होतीस."

"मी म्हणालो?"

"हो."

बुवांनी डोळे मिटले. आत खूप खोल कुठंतरी चाचपडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "नाही गं दिसत मला. सुमेधा उभीच दिसते. हरिनाम घेतानाच दिसते." त्यांचा आवाज कापला. "पोरी, एवढं मोठं दार तुझ्या हातून लावून घेतलं देवानं, आणि मी ते माझ्याच कथेत हरवून बसलो?"

"माझ्यासाठीच हरवलंत."

त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि तळवे वर करून पाहिले, जणू वळ अजून असतील. त्यांना आठवत असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आजवर सांगत आले तसं. पण आता त्यांना ठाऊक नव्हतं, आणि म्हणून त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत तिला हे कुणीच विचारलं नव्हतं.

"फार जड होता का गं तो दांडा?"

 आपण बोललो की दुसरं पुट चढणार, हे मृण्मयीला माहीत होतं. तिनं ते चढू दिलं.

"फार, बुवा," ती म्हणाली. "पाय उचलून लोंबकळले मी त्याला. तेव्हा कुठं हलला."