दोन बोटं रिकामी

"झाकण पुन्हा गळलं," दारातूनच कुबलय सान्याल म्हणाले. त्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर मातकट डाग होते. "तिसरं नवं झाकण. आता खात्रीच झाली, हे इस्राफिलचंच काम."

शिबतोषला आधी वाटलं, डब्याचं झाकण. वहीत तसं लिहूनही झालं.

मंदिरा भादुडी कलकत्त्याच्या बागबाजारात खाजगी तपासाची कामं घेत. शिबतोष त्यांचा धाकटा दीर, निवृत्त भूगोल शिक्षक. तो त्यांना बौदी, म्हणजे वहिनी, म्हणे आणि त्या त्याला ठाकुरपो, म्हणजे भाऊजी. तो सगळं टिपून घेई आणि त्यातलं काहीएक त्याला उलगडत नसे.

सान्यालांची तक्रार त्यांच्या वडिलांच्या गाडीबद्दल होती, १९३४ सालच्या. इस्राफिल मिस्त्री दर शनिवारी रेडिएटरमध्ये पाणी भरून तिला गल्लीत फिरवून आणी. थेंब सांडत नसे. रविवारी सकाळी सान्याल मैदानाकडे निघाले की मात्र हातीबागान येईतो रेडिएटरच्या झाकणाखालून गरम पाणी उसळे. परतताना पुन्हा ठणठणीत. पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांची मिरवणूक होती आणि सान्यालांनी इस्राफिलकडून गॅरेजची किल्ली काढून घेतली होती, एकतीस वर्षांनी. गुन्हा शाबित झाला तर उत्तर कलकत्त्यात त्याला कुणी हातोडीही धरू देणार नव्हतं.

"जाताना गळतं, येताना नाही," शिबतोष म्हणाला. "बौदी, रस्त्याला उतार असेल का?"

"कलकत्त्यात उतार, ठाकुरपो? भूगोल शिकवलात की शिकलात?"

दुपारी दोघं सान्यालांकडे गेले. पुतण्या प्रमित गाडी विकायच्या मागे होता आणि ते लपवतही नव्हता. शिबतोषने त्याच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. पण तो दुर्गापूरला नोकरीला. दर रविवारी दुपारनंतर उगवायचा. रेघा खोडाव्या लागल्या.

इस्राफिल अंगणात उभा होता, किल्ली नसल्यामुळे गॅरेजच्या बाहेर. त्याने खालच्या आवाजात सांगितलं की या गाडीचं पाणी तापलं की फुगतं, म्हणून तो ते गळ्याखाली दोन बोटं कमी भरतो. जास्तीचं झालं तर आतल्या बारीक नळीवाटे जमिनीवर जातं. झाकणापर्यंत यायचं कारणच नाही.

"पाणी कुठलं घालता?"

"नळाचं. फडक्यातून गाळून."

मंदिराबौदींनी गॅरेजमध्ये जाऊन बॉनेटवरून बोट फिरवलं. वाळलेल्या ओघळांची तांबूस पूड बोटाला लागली. शिबतोषने लिहिलं, 'गंज?'

एवढ्यात पिशिमा, म्हणजे सान्यालांची वृद्ध आत्या, सरबत घेऊन आल्या. पेले इतके काठोकाठ की शिबतोषचं धोतर भिजलं.

"उणं भांडं कुणापुढे धरू नये, बाबा," त्या म्हणाल्या.

बौदींनी पेला न उचलता वाकून पहिला घोट घेतला. मग एक बारीक लोखंडी तार मागवली आणि सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं.

"सान्यालबाबू, तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देत होता," त्या म्हणाल्या. "पाणी झाकणातून आलं म्हणून सगळे झाकणच बघत बसले. परतताना गळत नाही, कारण जास्तीचं पाणी जातानाच उडून गेलेलं असतं. म्हणजे शनिवारनंतर आणि निघण्याआधी कुणीतरी ते दोन बोटं भरतं. आणि नळाच्या गाळलेल्या पाण्याचे डाग तांबूस पडत नाहीत."

त्यांनी नळीत तार घातली. चिकणमातीची गोळी बाहेर पडली.

"गंगेचा गाळ. नळी यानेच तुंबली, मग पाण्याने वरची वाट धरली. ठाकुरपो, भरल्या घरात अर्धा पेला कुणाला खपत नाही?"

शिबतोषने वही उलटीपालटी केली. उत्तर वहीत नव्हतं, धोतरावर होतं.

पिशिमा पायरीवर बसल्या. "रविवारी पहाटे मीच भरते, गंगेच्या पाण्याने," त्या म्हणाल्या. "निघताना दारात भरला घट हवा. दादा गेला त्या सकाळी मी विसरले होते. तो परत आला नाही." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि पाणी सांडतं हे ऐकलं, म्हणून आणखी भरत गेले."

"पण घट रेडिएटरमध्ये कशाला, पिशिमा?" सान्यालांनी विचारलं.

पिशिमांनी इस्राफिलकडे पाहिलं. "यानेच सांगितलं. हाच गाडीचा घट, म्हणाला."

इस्राफिलचा हात कपाळावर गेला. तीन वर्षांमागे, नवं रेडिएटर बसवल्याच्या आनंदात, तो खरंच तसं म्हणाला होता. शिबतोषला फार वाईट वाटलं. एवढ्या प्रेमाने कुणी कुणाच्या पोटावर पाय दिलेला त्याने पाहिला नव्हता.

सान्यालांनी किल्ली पुढे केली. "चुकलं माझं," ते म्हणाले. इस्राफिलने किल्ली घेतली नाही. एकतीस वर्षं काही एका शब्दाने भरून येत नाहीत.

पिशिमा उठल्या, झाकण काढलं आणि आत डोकावल्या.

"दोन बोटं म्हणजे कुणाची रे? माझ्या तर काटक्या झाल्या आहेत."

"माझी, पिशिमा," इस्राफिल म्हणाला.

"मग दर रविवारी पहाटे तुलाच यावं लागेल. मी ओतेन, तू बोटं धर."

इस्राफिलने सान्यालांच्या हातातली किल्ली घेतली, हात पुसला आणि दोन बोटं रेडिएटरच्या गळ्यात आडवी धरली.