सुएमात्सूंच्या घरचं विरजण

बसमध्ये कानाएच्या शेजारची जागा रिकामीच होती, आणि का रिकामी होती हे तिला पक्कं ठाऊक होतं. सकाळी प्रयोगशाळेत प्युट्रेसिन नावाच्या रसायनाची बाटली तिच्या बाहीवर कलंडली होती. कुजल्यासारखा वास! बाहेर प्लमच्या झाडांना बहर आला होता, आणि आत लोक नाकाला रुमाल लावून पुढे सरकत होते.

तेवढ्यात एक उंच तरुण खुशाल तिच्या शेजारी येऊन बसला.

"तुम्हाला... वास येत नाहीये?" तिनं ओशाळून विचारलं.

"येतोय की! पण आमचा नाट्टोचा कारखाना आहे. आंबलेल्या सोयाबीनमध्येच वाढलोय मी. माझ्याही शेजारी कुणी बसत नाही. म्हटलं, आज जोडी जमली."

कानाए खुदकन हसली. त्याचं नाव क्योहेई सुएमात्सू. तिच्या बाहीच्या वासाचं कारण त्यानं विचारलं, आणि तिनं सांगितलं, "जीवाणूंच्या पेशीत पॉलिअमाइन नावाची चिमुकली द्रव्यं असतात, बाहीवर सांडलंय ते त्यातलंच एक. ती मिळाली नाहीत तर बिचारे मरत नाहीत, नुसते रेंगाळतात. चिमूटभर दिली, की—"

"की?"

"भराभर वाढतात."

क्योहेईची थट्टा एकदम थांबली. "आमचे वाढवून द्याल?" त्यानं हळूच विचारलं.

त्याच्या घरी वडिलांनी भाताच्या पेंढ्यावरून निवडून जपलेलं नाट्टोचं विरजण होतं. वडील गेले, शीतपेटी बिघडली, आणि वाचलेल्या एकुलत्या एका नळीतले जीवाणू आता उगवेनात. महिनाअखेरपर्यंत काही झालं नाही, तर आई बाजारातलं विरजण आणणार होती.

दुसऱ्याच दिवशी ती नळी कानाएच्या हाती आली. मग क्योहेई रोज संध्याकाळी येऊ लागला, कधी भाजलेलं रताळं घेऊन, कधी हात हलवत.

"आज कसे आहेत आमचे आजारी?"

"आळशी आहेत. मालकावर गेलेत."

"मालक रोज दोन बस बदलून येतो, बाईसाहेब!"

ती मान खाली घालून रताळं सोलायची... आणि त्याची नजर आपल्या बोटांवर आहे, हे तिला न बघताच कळायचं.

कानाएनं आधी जास्त पॉलिअमाइन घातलं, तर जीवाणू अधिकच मलूल झाले. मग अगदी थेंबाथेंबानं मात्रा कमी केली. आणि एका सोमवारी सकाळी नळीतलं पाणी गढूळ दिसलं, म्हणजे जीवाणू वाढू लागले होते. तिनं थोडं काढून उकडलेल्या सोयाबीनवर सोडलं. दुसऱ्या दिवशी दाण्यांवर पांढरी साय होती, आणि काडीनं उचलताच लांबच लांब तार सुटली. आता त्यांना बाहेरून काही द्यायची गरज नव्हती.

कानाए आनंदानं उडालीच. आणि मग... नळी कपाटात ठेवून दिली. आता तो कशाला येईल?

संध्याकाळी त्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "अजून नाही." बुधवारीही तेच. गुरुवारीही.

शुक्रवारी क्योहेई रिकाम्या हातानं आला. "राहू द्या आता. आईनं उद्या बाहेरचं विरजण मागवायचं ठरवलंय. बाबांच्या तसबिरीपुढं बसून रडत होती सकाळी."

कानाएनं कपाट उघडून नळी त्याच्यासमोर ठेवली. "हे उगवलंय. सोमवारीच."

"सोमवारी?" त्याचा आवाज चढला. "आणि तुम्ही आईला चार दिवस—"

"चुकलं माझं. फार चुकलं." तिचे डोळे भरून आले. "उगवलं म्हटलं असतं, तर तुम्ही यायचं थांबला असतात... म्हणून."

नळी रुमालात गुंडाळून क्योहेई निघून गेला. जिन्यावरची त्याची पावलं विरली, तरी ती तशीच उभी होती.

थोड्या वेळानं पावलं परत आली. तो धापा टाकत दारात उभा होता.

"आईला फोन केला. आधी रडली, मग हसली. उद्या याच विरजणाचा पहिला नाट्टो लावणार आहे."

"आणि माझ्याबद्दल... काय सांगितलंत?"

"खरं तेच. म्हणाली, असली खोटारडी मुलगी एकदा बघायलाच हवी." त्यानं मान वळवली. त्याचे कान लाल झाले होते. "मी चिडलोय अजून. पण... कानाए, तू येशील ना?"

त्यानं पहिल्यांदाच तिला 'तू' म्हटलं होतं.

"येईन," ती म्हणाली. "तू न्यायला आलास तर."