तिसरा माईक

दुपारचं जेवण उरकून बुन-हाक जिना उतरला आणि खालच्या मजल्यावर आ-मुईच्या दारात जाऊन उभा राहिला. आ-मुई माशाचे गोळे करून विकायची. तिचं मासे वाटायचं यंत्र सुरू झालं की वरच्या मजल्यावरच्या बशासुद्धा थरथरत.

"यंत्र बंद ठेव," तो म्हणाला. "चार वाजेपर्यंत."

"का? आता कोण मेलं?"

बुन-हाकने आयुष्यभर प्रेतयात्रेच्या बँडमध्ये ड्रम वाजवला होता. गल्लीत ही थट्टा जुनी होती. पण तोंडातून गेल्यावर आ-मुईने जीभ चावली. "तसं नाही रे दादा... हात कामात होते, तोंड सुटलं."

"आ-कियेतचं एक गाणं राहिलंय. ते वाजवतोय."

"तू? या आखडलेल्या बोटांनी?"

"मग काय तुझे मासे येऊन वाजवणार?"

ती हसली नाही. ओल्या हातानेच तिने यंत्राचं बटण बंद केलं. "आज गोळे राहू देत," ती म्हणाली. "सावकाश वाजव."

कीलुंग हे बंदराचं गाव. तिथे हिवाळ्यात पाऊस थांबला तर माणसं मान वर करून बघतात. त्या दिवशी तो थांबला होता. पत्र्यावर पाऊस असला की माईकला दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणून आठवडाभर ती दोघं कोरड्या दुपारची वाट बघत होती.

दुसरी म्हणजे युछिंग. वर मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर ती लॅपटॉप मांडून बसली होती. बुन-हाकच्या मुलाच्या, आ-कियेतच्या बँडमध्ये ती गायची. आठ गाण्यांपैकी सात गाण्यांचे ड्रम आ-कियेतने याच खोलीत, तीनच माईक लावून रेकॉर्ड केले होते. आठवं राहिलं. गेल्या हिवाळ्यात पावसात बोगद्याच्या तोंडाशी त्याची स्कूटर घसरली.

परवा वर्ष भरत होतं. वर्ष भरलं की मेलेल्याची वेगळी पाटी देव्हाऱ्यातून उतरवतात आणि नाव वाडवडिलांच्या पाटीत घालतात. मग तो घरात एकटा असा उरत नाही. त्याआधी बुन-हाकला एकदाच वाजवायचं होतं. शेकडो परक्यांना त्याने वाजवत पोचवलं होतं. स्वतःच्या पोराला पोचवता आलं नव्हतं. तशी रीतच आहे. पोर बापाआधी गेलं तर तो त्याचा अपराध. बापाने शवपेटीवर काठीने तीनदा मारायचं आणि घरात बसायचं. पेटीमागून जायचं नाही. बुन-हाकने मारलं होतं. मग गल्लीचं टोक येईपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून बँड ऐकत बसला. ड्रमवर कोणीतरी नवखा होता. ताल ओढत होता.

खोलीतली एकही वस्तू त्याने तेव्हापासून हलवू दिली नव्हती. एक माईक मोठ्या ड्रमच्या पुढच्या भोकात, पार पोटात. आवाज घुमू नये म्हणून त्या पोटात आ-कियेतची लहानपणची रजई कोंबलेली. दुसरा माईक डोक्यावर. तिसरा वाजवणाऱ्याच्या उजव्या खांद्यापाशी, हातभर वर. छोट्या ड्रमच्या मध्यापासून वरच्या दोन्ही माईकपर्यंत आ-कियेत लाल दोरा ताणून बघायचा. देवळातल्या ताइताचा दोरा. दोन्हीकडे तो सारखाच भरला पाहिजे, म्हणजे ठोका दोन्ही माईकना एकाच क्षणी ऐकू येतो. नाही तर ते एकमेकांचा आवाज खातात. दोरा अजून स्टँडला लटकत होता.

युछिंगने तो ताणून बघितला. दोन्हीकडे बरोबर भरला.

"गाणं ड्रमनेच सुरू होतं, काका. आम्ही बाकीचे त्यावर नंतर वाजवू. आठवतंय ना कसं आहे ते?"

"तो होता तोवर रोज भिंतीपलीकडून ऐकलंय. मला विचारू नको."

तो बसला. स्टूल त्याला उंच होतं. तसंच ठेवलं. वाजवून संपवलं तेव्हा उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती.

युछिंगने हेडफोन कानाला लावून ऐकलं. परत ऐकलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"तिसरा माईक दबलाय."

"दबलाय म्हणजे काय? नीट सांग."

"झांजांचा आवाज डोक्यावरच्या माईकमध्ये लख्ख आहे. खांद्यापाशी बोथट. मध्ये काहीतरी आड आल्यासारखा."

"माझा खांदा असेल."

"तुमचा खांदा खूप खाली आहे." तिने उठून वायर बघितली, खोचलेलं टोक फिरवून बघितलं. मग दोन्ही माईक काढून त्यांच्या जागा बदलल्या आणि दोरा परत ताणला. "हा डोक्यावरचा, चांगला. आता तो खांद्यापाशी. आता कळेल."

बुन-हाकने बोटं काखेत धरून ऊब दिली आणि दुसऱ्यांदा वाजवलं. शेवटची झांज विरेपर्यंत दोघंही हलली नाहीत. बाहेर बंदरात कुठेतरी भोंगा झाला, तोही थांबला.

युछिंगने दोन्ही माईक आळीपाळीने ऐकले.

"आता चांगला माईक बोथट झालाय," ती म्हणाली. "खराब होता तो वर जाऊन लख्ख वाजतोय. दोष माईकमध्ये नाही, काका... जागेत आहे."

"भिंतीमुळे?"

"भिंत तर सात गाण्यांच्या वेळीही होती." तिचा आवाज खाली गेला. "माणूस मध्ये उभा राहिला की असा आवाज येतो. मी तिथे उभी राहिले असते तर..." तिने वाक्य सोडून दिलं आणि लॅपटॉपकडे बघत राहिली.

बुन-हाकने मान वळवली नाही. खोलीत उदबत्तीचा वास होता, रोजचाच. त्यात ओल्या लोकरीचाही वास आला. उजव्या बाजूने.

आ-कियेत सहा वर्षांचा होता तेव्हापासून बँडमागून चालायचा. बापाच्या उजव्या खांद्याला लागून, गणवेशाची कड मुठीत धरून, नजर बापाच्या हातांवर. रोज ओरडा खायचा. सरक, हात लागतो. दोन पावलं सरकायचा, पुढच्या वळणाला परत तिथेच.

"सरक," बुन-हाक म्हणाला.

युछिंग दचकली. "मी...?"

"तू नाही." त्याने काड्या मांडीवर ठेवल्या. समोरच्या भिंतीकडे बघतच तो बोलला. आवाज पूर्वीसारखाच करडा होता, पण शेवटी तो चिरकला. "आ-कियेत, जरा सरक. आवाज अडतोय. माझ्यात आता एकदाच वाजवण्याइतकं बळ आहे. नंतर हवं तर उभा राहा."

उजव्या बाजूने मानेला गार हवा लागली. दार लोटल्यावर लागते तशी.

"सुरू कर," तो म्हणाला.

युछिंगने रेकॉर्डिंग सुरू केलं. तो काही क्षण नुसता बसून होता. मग हात आपोआप उठले. तिसऱ्यांदा त्याने जे वाजवलं ते त्याचं नव्हतं. तो आयुष्यभर माणसं पोचवण्याच्या चालीने वाजवत आला होता, पाय ओढत. हे पुढे पळत होतं. दुखणं त्याला कळलं नाही. संपलं तेव्हा डाव्या काडीवर रक्त होतं.

"लख्ख आहे," युछिंग म्हणाली. ती रडत होती. "तिन्ही माईक लख्ख आहेत, काका."

तिने तिथेच कच्चं मिक्स करायला घेतलं. मोठ्या ड्रमचा माईक मधोमध ठेवला, वरचे दोन डावी-उजवीकडे सारले. समोर कोणी बसून वाजवतंय असं झालं. मग ती सुरुवातीला गेली आणि थबकली.

"काका, तुम्ही आधी काड्या आपटल्यात का? तालासाठी?"

"आमच्यात काड्या आपटत नाहीत. म्होरक्या शिट्टी देतो."

तिने हेडफोनची वायर उपटली. लॅपटॉपमधून आवाज आला. ठक. ठक. ठक. आणि चौथ्या जागेवर बुन-हाकचा पहिला ठोका.

"बरोब्बर तालात आहेत," ती कुजबुजली. "तुम्ही त्यावरच सुरू केलंत."

"मला काही ऐकू आलं नव्हतं."

तिने डोक्यावरचा माईक एकटा ऐकवला. ठोके नव्हते. खांद्याजवळचा ऐकवला. नव्हते. मोठ्या ड्रमच्या पोटातला ऐकवला. ठक. ठक. ठक. स्वच्छ, भरीव, लाकडाचे.

"बाहेर वाजलं असतं तर वरच्या माईकना आधी कळलं असतं. हे... हे आतून आलंय." तिने भोकातून हात घातला. आत रजई होती. मऊ, दमट. दुसरं काही नव्हतं.

बुन-हाक दारामागच्या काठीकडे, पेटीवर मारलेल्या त्या काठीकडे बघत होता. त्याला तो आवाज ओळखीचा होता. वर्षभर तो रोज पहाटे त्याच आवाजाने उठत होता. बाहेरून तो कसा येतो हे त्याला माहीत होतं. आतून कसा येतो हे आज कळलं.

"गाण्याच्या आधीचं आहे," युछिंग घाईने म्हणाली. "मिक्स करताना असलं कापूनच टाकतात. कापते मी."

"हात लावू नको त्याला."

"काका, लोकांना काय सांगू?"

"सांग, बापाने मारलं होतं. पोराने त्याचा ताल केला."

तिने कापलं नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत सामान आवरून ती गाडीला गेली. जाताना तिने त्याला वाकून नमस्कार केला, मग जरा थांबून खोलीच्या उजव्या कोपऱ्यालाही केला.

परवाचा विधी रीतसर झाला. आ-मुईने सूप आणि भात आणून दिला. बुवाने पाटी उतरवून जाळली, नाव वाडवडिलांत घातलं, त्याच्या उदबत्तीच्या भांड्यातली चिमूटभर राख त्यांच्या भांड्यात टाकली. "आता मोकळा झाला," बुवा म्हणाला. "आता हाक मारायची नाही. मागे वळून बघायचं नाही."

संध्याकाळी बुन-हाक मागच्या खोलीत जाऊन स्टूलवर बसला. काड्या घेतल्या नाहीत. पत्र्यावर पाऊस पडत होता, दोन्ही कानांत सारखा. त्याने डोळे मिटले. असं मोकळं, दोन्हीकडे भरलेलं ऐकू येतंय म्हणजे पोर गेलं. बरं झालं. बापाने पोचवलं.

मग उजव्या कानातला पाऊस हळूहळू बोथट झाला.

त्याने मान वळवली नाही. हाकही मारली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिला. जरा वेळाने त्याच्या सदऱ्याची उजवी कड ताणली गेली, खालून, लहान मूल मुठीत धरतं तितक्या उंचीवरून.