वाकावर बसलेली कासिल्दा

पटलं नाही तर सोडून द्या. पण नेलिदा माझी सख्खी मामेबहीण आहे. हे मी तिच्या तोंडून तीनदा ऐकलंय आणि तिन्ही वेळा एका शब्दाचाही फरक नव्हता.

गेल्या ऑगस्टमधला मंगळवार. पेरूमधलं लिमा शहर. दुपारचे चार.

नेलिदाच्या घरामागेच वाका आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या लोकांनी मातीच्या विटांनी रचलेली टेकडी. ना कुंपण, ना तिकीट. पोरं तिच्यावर पतंग उडवतात, जोड्या आडोशाला बसतात. सगळ्या गल्लीचं अंगणच ते. मध्यंतरी कुंपण घालायला माणसं आली, तेव्हा नेलिदाची सासू कासिल्दा खांबाच्या खड्ड्यातच उतरून बसली. माणसं परत गेली.

तेव्हापासून म्हातारी रोज चारला वर जाऊन बसायची. गुडघे कामातून गेलेले. हाताला धरून न्यायची ती नेलिदानेच, आणायची तीही तिनेच.

त्या दिवशी दाट धुकं होतं. वरून भुरभुर. नेलिदाच्या अंगात ताप होता. वर पोचल्यावर सासू म्हणाली, "तुझ्यापेक्षा काठी परवडली. ती निदान कण्हत नाही."

नेलिदाचं डोकं फिरलं.

"एवढा जीव आहे ना या मातीवर? मग राहा इथेच."

ती एकटीच उतरली. मागून हाका आल्या. तिने वळून पाहिलं नाही.

तासाभराने राग निवळला. ती पुन्हा वर गेली...

कुणीच नव्हतं.

सगळी माती भिजलेली. म्हातारी बसायची तेवढीच जागा कोरडी... आणि हाताला गरम.

तीन दिवस गल्लीने शोध घेतला. नवऱ्याला, अबुंदियोला, नेलिदाने खरं सांगितलंच नाही. आई हात सोडवून धुक्यात गेल्या, एवढंच म्हणाली.

चौथ्या दिवशी, चार वाजता...

"नेलिदा... झालं का गं तुझं? ने ना मला खाली."

आवाज वाकाच्या मातीखालून येत होता.

अबुंदियो वर धावला, मागोमाग नेलिदा. नखं तुटेपर्यंत उकरत राहिला. एकही वीट हललेली नव्हती. त्याने मातीला तोंड लावलं.

"आई, मी आलोय."

त्याने मातीला कान लावला.

मग...

"तू नको. तिने सोडलंय मला इथे. तिलाच पाठव."

अबुंदियोने मान वर करून बायकोकडे पाहिलं.

त्यानंतर तो तिला एका शब्दाने बोललेला नाही. घर सोडायलाही तयार नाही. रोज चारला मागचं दार उघडतो... आणि बाजूला उभा राहतो.

परवा नेलिदाचा फोन आला. "आज त्याने माझे बूट दारात आणून ठेवलेत," म्हणाली. मी म्हटलं, असशील तशी माझ्याकडे निघून ये.



"आले असते रे," ती हळूच म्हणाली. "पण हल्ली त्या फार गोड हाक मारतात."