उघड्या डोक्याची बाई

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण खोटी म्हणू नका.

सावेताच्या नातीचा बाप्तिस्मा झाला, त्या वर्षीची. रोमानियाच्या डोंगरातलं आमचं गाव. हे घडलं त्या दिवशी मेलेल्यांचा शनिवार होता.

त्या शनिवारी बायका स्मशानात गोड गहू आणि डोईचे नवे रुमाल वाटतात. जिच्या नावानं रुमाल द्यावा, तिच्या डोक्यावर तो तिकडे पोचतो. सावेतानं सगळ्यांची नावं घेतली. फक्त मेलेल्या सवतीचं, नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं, पारास्किवाचं, घेतलं नाही.

कधीच घेत नसे.

दुपारी घरी आली, तर नवरा, तोदेर, स्वयंपाकघरात जमिनीवर. तोंड वाकडं. उजवा हात लुळा.

तालुक्याच्या दवाखान्यात तोदेरच्या मेंदूचा फोटो काढला. तो फोटो लगेच संगणकावरून शहरात पाठवला आणि तिथला डॉक्टर पडद्यावर बोलायला आला.

"गुठळी आहे. औषधानं विरघळेल. पण झटक्याला साडेचार तास उलटले असतील, तर तेच औषध जीव घेईल. ते शेवटचे धडधाकट कधी होते?"

सावेताला ठाऊक नव्हतं. ती पहाटेच बाहेर पडली होती.

"मावशी, आठव गं!" नर्स लुमिनित्सा म्हणाली. "त्या शेजारणीनं पाहिलं असेल? एरवी तर तुझ्या चुलीपासून हलत नाही!"

"आज सगळ्याच स्मशानात होत्या..."

डॉक्टर सावेताच्या खांद्यामागे बघू लागला.

कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी त्यानं मान हलवली...

"बरं. बाराच्या बातम्या लागल्या तेव्हा ते सूप पीत होते. मग वेळ आहे. द्या औषध."

"हे कोण म्हणालं?"

"त्या मागच्या बाई. उघड्या डोक्याच्या."

मागे नुसती भिंत होती.

लुमिनित्सा काही बोलणार, तोच सावेतानं तिचं मनगट धरलं.

"द्या," ती म्हणाली. "तिला ठाऊक असणार. ती घरीच होती."

संध्याकाळी तोदेरची बोटं हलली. त्यानं डोळे उघडले. सावेताकडे पाहिलं... आणि मग तिच्यामागे कुणाला तरी शोधू लागला.

घरी आल्यावर तो सावेताशी फारसा बोलत नसे. ती अंगणात असली की स्वयंपाकघरातून हळू बोलणं ऐकू येई. ती उंबऱ्यात आली...

की शांत.

आमच्याकडे मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती देतात. तोदेरच्या शेवटच्या दिवशी सावेता बागेत होती. धावत आत आली, तोवर मेणबत्ती कुणीतरी त्याच्या हातात दिलेली होती.

बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांनी, सफरचंदं उतरवायच्या दिवसांत, तोदेर वारला.